काठ कापलेलं दुपटं

एका कडेवर लेक होती, म्हणून कुरिअरवाल्याने दिलेलं पाकीट मी दातांनीच फाडलं. आत मोजा निघाला. एकच. टाचेशी कडक झालेला, अंगठ्याशी भोक पडलेला, आणि त्याला शिळ्या दुधाच्या ओकारीचा तो आंबट वास. स्वतःच्या लेकराचा असला तर हाच वास आपण मानेत नाक खुपसून घेतो. दुसऱ्याच्या मोज्याला आला की तो लांब धरतो. सोबत गुलाबी चिठ्ठी होती. 'प्रेमाने पाठवत आहे. दुसरा मोजा पुढच्या पार्सलमध्ये.' खाली नाव नव्हतं, पद होतं : मोठी आई. शेजारी रुपेरी मुकुट.

मी मोजा मागितला नव्हता. लेकीच्या पायाला तो वर्षापूर्वी बसला असता. दोन बोटांत धरून तो कचऱ्यात टाकला आणि साबणाने हात धुतले, तरी वास जाईना.

"तुमच्या ग्रुपचं आलं वाटतं काही," नवरा म्हणाला. "अगं, आमच्या ऑफिसातला लिफ्टमन 'जाणती आई' झालाय, माहितीये? बायकोने त्याच्या नावाने पार्सलं पाठवली. परवा सगळ्यांनी त्याला हार घातला."

तो हसला. मलाही हसू आलं असतं, पण त्या दिवशी माझी धाकटी बहीण दवाखान्यात होती.

हा ग्रुप मुळात बटणमावशीचा. कोपऱ्यावर तिचं शिवणाचं दुकान आहे. काउंटरवर काचेच्या बरण्यांत बटणं, म्हणून बटणमावशी. बाळांचे कपडे अंगाला होतात न होतात तोच उतरतात. बायका दुकानात येऊन म्हणायच्या, मावशी, एवढं चांगलं झबलं, कुणाला द्यायचं? मावशीने त्या सगळ्यांना फोनवर एकत्र आणलं. एकीने लिहायचं, 'सहा महिन्यांचा स्वेटर आहे.' दुसरीने लिहायचं, 'येते संध्याकाळी.' झालं. ना आभार, ना फोटो. एक बाई दुसरीला हाताला धरून आणायची, तसा तो हळूहळू वाढत होता. दुकानातल्या बाकावर सगळ्या मावू, एवढ्याच आम्ही होतो.

त्यातलीच एक पेटी होती. बिस्किटांची मोठी पत्र्याची पेटी. तिच्यात दिवस भरायच्या आधीच आलेल्या बाळांचे कपडे. दुकानात मिळणारी सगळ्यात लहान झबली असल्या बाळांना तंबूसारखी होतात. पेटीतली झबली पुढून उघडी, नळ्या आणि वायरी बाहेर काढता याव्यात म्हणून बगलेला फट ठेवलेली, बांधायचे बंद बाजूला. आणि कापड इतकं मऊ, की हातात घेतलं तरी हातात काही आहे असं वाटू नये. नवं कापड त्या कातडीला टोचतं. हे एकामागून एका बाळाने वापरलेलं, धुऊन, वाळवून, पुन्हा धुतलेलं कापड. ते विकत मिळत नाही.

माझी लेक दोन महिने आधी आली, तेव्हा पेटी माझ्याकडे आली होती. पिवळं झबलं तिला पहिल्यांदा घातलं, तेव्हा सिस्टर म्हणाली, "आता कशी माणसासारखी दिसते!" आणि मी पहिल्यांदा धाय मोकलून रडले.

पेटीचा रिवाज एकच. आत एक पांढरं दुपटं होतं. पेटी पुढे द्यायच्या आधी प्रत्येक आईने त्याच्या काठाला आपल्या रंगाचा एक टाका घालायचा. नाव नाही, तारीख नाही, नुसता टाका. मी हिरवा घातला होता, जरा वाकडाच, कारण मांडीवर लेक होती. माझ्या आधी निळा होता, त्याआधी विटकरी. ते काठावरचे टाके मी इतक्यांदा चाचपले होते की अजून बोटांना आठवतात. वाटायचं, ही सगळी बाळं जगली. निदान त्यांच्या आया टाका घालण्याइतक्या शुद्धीवर होत्या.

मग पदं आली.

आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी एक बाई ग्रुपमध्ये नव्याने आली होती. बोलायला गोड, फोन चालवण्यात पटाईत. ती मावशीला म्हणाली, "मावशी, नुसतं देऊन कोण येतं? माणसाला काहीतरी मिळायला हवं ना!" मावशीला वाटलं, बायका वाढतील, कपडे वाढतील, कुणा लेकराला उघडं राहावं लागणार नाही. ती हो म्हणाली. सगळा कारभार त्या बाईने फोनवर बसवला. येताक्षणी 'नवी आई'. थोडी पार्सलं दिली की 'जाणती आई'. आणखी दिली की 'मोठी आई', रुपेरी मुकुट. आणि सगळ्यात वर सोन्याचा मुकुट घालून 'महामाता'. ती अर्थात ती स्वतःच. नवं माणूस आणलं तरी मोजणीत धरत.

मग काय विचारता! रोज माणसांचे लोंढे. नवरे आले, दीर आले, कॉलेजातली पोरं आली, मूल नको म्हणून सांगणाऱ्या मैत्रिणीही आल्या. कपडे मात्र आटले. एका स्वेटरचं एक पार्सल होतं, मोज्यांच्या जोडीची दोन. मग जोड्या फुटल्या. हातमोजे फुटले. लाळेरी आली, पिवळट डागांची. लंगोट आले, ते उघडल्यावर मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. झबल्याबरोबर बंद वेगळे, 'जोडून घ्यावेत'. कशाला? तर पाठवलं की मोजलं जातं. आत काय आहे ते मोजणारं कुणी नव्हतं.

पदं आली त्याच्या आधी मी जे दिलं ते धरलंच नाही. माझी लेक दोन वर्षांची होत आली तरी मी 'नवी आई'.

बहिणीचं बाळ सातव्या महिन्यात झालं. मुठीएवढं डोकं, आणि हात म्हणजे जणू चिमणीचे पाय. कितीतरी दिवस ते काचेच्या पेटीत होतं आणि आम्ही काचेवर श्वास सोडून धुकं करत होतो. मग सिस्टरने सांगितलं, "परवा बाहेर काढू. जुने मऊ कपडे आणा, पुढून उघडे. नवं काही नको."

धाकटी माझा हात सोडेना. "ताई, पेटी आण ना. तुझ्या पिल्लाने घातलेलं ते पिवळं झबलं आण. तेच आण."

"आणते गं."

"तेच हं, ताई. ते घालून तुझी जगली ना!"

मी म्हटलं, तेच आणते.

पूर्वी 'पेटी हवी' एवढे दोन शब्द लिहिले की ज्या घरात पेटी असेल तिथून उत्तर यायचं. मी लिहिले. पहिलं उत्तर आलं ते यंत्राचं : 'नवी आई यांच्या मागणीला मोठ्या आयांच्या मागण्यांनंतर प्राधान्य मिळेल.' मग मुकुटवाल्या आल्या. फुलं, बदाम, हात जोडलेले. 'आई तुझी महती!' 'मातृत्वाला सलाम!' 'धीर धर बहिणी, मीही धरला होता.' मी अंगठ्याने खाली खाली सरकवत गेले. तुपाच्या डब्यात हात बुडावा तसं बोट चिकट झालं. पेटीचं नाव नाही. तळाशी, सगळ्या मुकुटांच्या खाली, माझ्यासारखीच एक 'नवी आई' लिहीत होती : 'पेटी माझ्याकडे होती. महामातेने मागून नेली. तुमच्याबद्दल वाईट वाटतं.'

मी लेकीला कडेवर घेतलं आणि तिसऱ्या मजल्यावर गेले.

"अगं ये, ये राणी! चपला बाहेरच हं, फोटोत येतात."

आत एक कोपरा होता. पांढरा पडदा, वेताची टोपली, कापडी फुलं, वर गोल दिवा. तो कोपरा ग्रुपात रोज दिसायचा, तेव्हा वाटायचं, काय सुंदर घर असेल. कोपऱ्याच्या दोन हात बाहेर नजर गेली आणि माझी मीच चरकले. भिंतीला टेकून छतापर्यंत पिशव्या. न धुतलेल्या कपड्यांचा, बुरशीचा, बाळाच्या शूचा दमट वास. एका पिशवीवर झुरळ निवांत बसलं होतं. त्या ढिगाशी तिचा मुलगा खेळत होता, माझ्या लेकीहून मोठा. त्याच्या सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर चढलेल्या, पोट उघडं.

"ह्याचे कपडे काढून ठेवलेत," ती म्हणाली. "द्यायचेत ना."

"मी पेटीसाठी आलेय. माझ्या बहिणीचं बाळ आहे, परवा बाहेर काढतायत."

"वाचलं मी! डोळ्यांत पाणी आलं बघ. बदाम टाकलाय मी." तिने माझ्या लेकीचा गाल ओढला. "पण पेटी अशी आता राहिली नाही गं. मी तिचं नियोजन केलंय."

"नियोजन म्हणजे?"

"एकगठ्ठा दिली की एकच धरतात. सुटं सुटं दिलं की प्रत्येकाचं वेगळं. एवढे कपडे एका पेटीत कोंबून कुणाचं भलं झालं? आता बघ, टोपडं गेलं. एकीने नेलं. तिच्या मुलीच्या बाहुलीला बसलं म्हणे, काय गोड फोटो पाठवला तिने!"

माझ्या तोंडाला खरोखर पाणी सुटलं, ओकारी येण्याआधी सुटतं तसं. ते टोपडं माझ्या लेकीच्या टाळूवर होतं. तिची टाळू त्याच्याखाली धडधडताना मी रात्र रात्र पाहिली होती.

"पिवळं झबलं आहे?"

"ते सोमवारी टाकणार होते. पिवळा रंग सोमवारी फार चालतो."

"मला आत्ता हवंय. जे उरलंय ते सगळं."

तिने विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली, बोटांवर काहीतरी मोजलं. मग चेहरा उजळला. "घेऊन जा की! फक्त फोटो काढू. प्रत्येकाचा वेगळा. तुझा चेहराही येऊ दे, घेणारीचा चेहरा दिसला की माणसं जास्त येतात."

"चेहरा नको."

"बरं बाई, हात तरी. पण हात कृतज्ञ दिसले पाहिजेत हं. असे, ओंजळ करून."

तर मी त्या पडद्यासमोर उभी राहिले. लेकीला एका पिशवीवर बसवलं, ती लगेच रडायला लागली. महामातेने एक झबलं माझ्या ओंजळीत ठेवलं, फोटो काढला, परत घेतलं. मग दुसरं. मग मला एक शाल दिली. "ही पांघर, म्हणजे दुसरी बाई वाटेल." मग बांगड्या दिल्या, तिसऱ्या बाईच्या. एकदा नेलपॉलिशसुद्धा काढून आणली होती, पण मी तिच्याकडे असं पाहिलं की बाटली मुकाट परत गेली. एकटीच मी, आणि फोनमध्ये पाच-सहा गरजू बायका उभ्या राहिल्या. स्वतःचे हात इतके परके मला कधी वाटले नव्हते. खाली हात, वर हात, ओंजळ, जरा वर, हां, थांब. माझं लेकरू रडतंय आणि मी ओंजळ धरून उभी! शिसारी तिची येत होती की माझी, ते त्या दिव्याखाली कळेना.

"तुला वाटत असेल, ही काय बाई आहे," ती अचानक म्हणाली, डोळा फोनलाच. "ह्या घरात दिवसभर मला हाक मारणारं कुणी नाही. नवरा आला की टीव्ही. सासू म्हणते, तुला काही जमत नाही. इथे सकाळी फोन उघडला की शंभर बायका म्हणतात, महामाता, नमस्कार. तू सोडशील?"

क्षणभर मला तिची कीव आली. मग ती म्हणाली, "हे शेवटचं, दुपटं. जरा पसरून धर," आणि कीव विरून गेली.

दुपट्याला काठ नव्हता. चारही बाजूंनी कात्रीने सरळ कापलेलं, दशा सुटलेल्या.

"काठ कुठे गेला?"

"तो? काढला. रंगीबेरंगी दोरे, कुणी कसेही घातलेले. फोटोत कळकट दिसत होतं."

"कुठे टाकलास?"

"टाकते कशाला? मी काही टाकत नाही. पार्सलं बांधायला घेतला."

दाराशी कुरिअरवाल्यासाठी पाकिटं रचून ठेवली होती. मी खाली बसले. पहिल्यावर सुतळी. दुसऱ्यावर सुतळी. मग एकावर पांढरी कापडी पट्टी, तिच्यावर विटकरी आणि निळा टाका, आणि त्याच्या शेजारी माझा हिरवा. वाकडा. गाठ इतकी घट्ट की नखाने सुटेना. मी दातांनी सोडली.

"अगं, पार्सल सुटेल!"

"सुटू दे."

पाकीट उघडलं. आतून एक मोजा पडला.

"बाकीच्या पट्ट्या?"

"गेल्या की. आठवडाभर तेच बांधतेय." ती आता चिडली होती. "एवढं काय, चिंधी तर आहे! नवं आणून देते लेस लावून, छान दिसेल."

उरलेली झबली, पिवळं झबलं, दुपटं आणि ती एक पट्टी ओढणीत बांधली, लेकीला उचललं. निघताना तिच्या मुलाच्या बाह्या खाली ओढायचा प्रयत्न केला. आल्या नाहीत. मग दारातून म्हणाले, "आधी ह्याला कपडे घाल."

"वेळ कुठेय गं," ती म्हणाली. अंगठा फोनवर चाललाच होता.

तिथून तशीच बटणमावशीकडे गेले. तिने दुपटं काउंटरवर पसरलं, कापलेल्या कडेवरून हात फिरवला, आणि चष्मा काढून पुसला.

"मावशी, ग्रुप म्हणे फार वाढला."

"वाढला ना. रोप वाढतं तसा नाही पोरी, गळू वाढतं तसा."

"मग बंद करा."

"माझ्या हातात आहे होय? कारभार तिचा. मी परवा लिहिलं, जोड्या फोडू नका. मला उत्तर आलं, तुम्ही नवी आई आहात, सूचना द्यायला जाणती व्हा." ती हसली, पण त्या हसण्यात थुंकी होती. "एकही लेकरू न झालेली मी, म्हातारपणी नवी आई झाले बघ."

तिने दुपट्याच्या तीन बाजू दुमडून मशीनवर शिवल्या. चौथीला ती पट्टी जोडली. पुरली नाही, अर्ध्यापर्यंतच आली. "राहू दे तशीच," मी म्हटलं. तेवढ्यात लेकीने बरणीतलं एक बटण तोंडात घातलं, ते काढता काढता दोघींची धांदल झाली आणि त्या धांदलीत जरा बरं वाटलं.

सगळं उकळून, उन्हात वाळवून दवाखान्यात नेलं. सिस्टरने झबली गालाला लावून पाहिली. "हां, असं हवं." बाळाला बाहेर काढलं. एवढासा जीव त्या पिवळ्या झबल्यात गेला, बगलेच्या फटीतून वायर बाहेर आली, बाजूचे बंद बांधले. बंद जुनेच, त्याच्याहून मोठे वाटत होते. धाकटी त्याच्या पाठीवर हात ठेवून बसली होती. मग दुपटं चाचपलं.

"काठ एवढाच कसा गं, ताई?"

मी सांगितलं नसतं. पण तिच्या फोनमध्ये ग्रुप होताच, मीच कधीतरी तिला आणलं होतं. तिने तो उघडून पाहिला. वर महामाता, सोन्याचा मुकुट, आणि खाली ओळीने ओंजळी. 'पाच गरजू मातांना आज मदतीचा हात.' त्याखाली नव्याने आलेल्यांची रांग, बोट थकेपर्यंत. धाकटीने एक फोटो मोठा केला. दुसरा केला.

"ताई, हे सगळे तुझेच हात आहेत. हा भाजल्याचा डाग."

"हो."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग तिने ग्रुप उघडला तसाच बंद केला आणि पुसून टाकला. केळ्यावरची माशी उडवावी तितक्या सहज. "काय घाण," म्हणाली. "दोरा आहे का तुझ्याकडे?"

पर्समध्ये जांभळा होता. तिने तिथेच बसून माझ्या हिरव्याच्या शेजारी टाका घातला. माझ्याहून वाकडा आला.

शेजारच्या खाटेवर एक पोरगी होती, जेमतेम विशीतली. तिचं बाळ अजून काचेत होतं. ती कधीपासून पिवळ्या झबल्याकडे टक लावून पाहत होती. शेवटी म्हणाली, "हे असलं कुठल्या ग्रुपमध्ये मिळतं हो? मी कुठे नाव घालू?"

"कुठेच नको घालूस," धाकटी म्हणाली. "माझ्या पिल्लाचं उतरलं की मी तुला देते. ते आधी धुवायला हवं फक्त, फार शी करतो हा."

ती पोरगी उठून आली आणि न विचारता दुपट्याच्या उघड्या राहिलेल्या अर्ध्या काठावरून बोट फिरवत म्हणाली, "इथे जागा आहे ना अजून?"